भिडू, डाव आणि टॅम्प्लीज

लंगडी तर तुम्ही सगळेच खेळता. मग मला एक सांगा, देवाने दोन चांगले धडधाकट पाय दिलेले असताना लंगडीत आपण एकाच पायावर का बरं उड्या मारतो? दोन्ही पायांनी धावलं तर समोरचा भिडू दोन मिनिटांत हाताशी सापडेल की! पण तसं केलं तर कुणालाच मजा येणार नाही. ‘ए, चीटिंग, चीटिंग!’ म्हणून सगळे ओरडतील ते वेगळंच. लगोरीचंही तेच. सात चपटे दगड एकावर एक रचायचे, चेंडू मारून आपणच ते पाडायचे आणि मग पाठीत चेंडूचे रट्टे खात पुन्हा रचायचे. शहाण्या माणसाने करावेत का असले उद्योग?

कॅनडातल्या एका विद्यापीठात बर्नार्ड सूट्स नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. खेळ म्हणजे नेमकं काय, या प्रश्नावर त्यांनी 1978 साली एक अख्खं पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की गरज नसलेला अडथळा आपण होऊन अंगावर घ्यायचा आणि तो पार करण्याची धडपड करायची, म्हणजे खेळ. आपल्या भाषेत सांगायचं तर हौसेनं गळ्यात घेतलेलं लचांड! हौसेचं असतं, म्हणून तर घामाघूम झालो, गुडघा फुटला, तरी आपण ‘आणखी एक डाव’ म्हणतो.

पण सगळीच लचांडं हौसेची नसतात. आजारपण येतं. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा उठतो. बाबांची बदली होते, शाळा नवी, आणि मधल्या सुट्टीत डबा खायला शेजारी कुणीच येऊन बसत नाही. आजी जाते आणि घर कसं रिकामं रिकामं वाटतं. हे अडथळे कुणी मागून घेतलेले नसतात. त्यांच्याशी झुंजताना ‘आणखी एक डाव’ कुणी म्हणत नाही. उलट उशीत तोंड खुपसून पडून राहावंसं वाटतं. अशा वेळी खेळाचा काही उपयोग होत असेल का? एका बाईंनी तो स्वतःवरच करून पाहिला. त्यांची हकिगत ऐकण्यासारखी आहे.

त्यांचं नाव जेन मॅकगॉनिगल. अमेरिकेत राहतात. खेळ तयार करणं हाच त्यांचा व्यवसाय. (आहे की नाही मज्जा!) 2009 सालच्या उन्हाळ्यात त्यांचं डोकं जोरात आपटलं. मार मुका होता, पण आत मेंदू चांगलाच हादरला. अशा दुखापतीला डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात. बऱ्याचदा ती काही आठवड्यांत बरी होते. जेनबाईंची महिना झाला तरी होईना. सतत डोकं दुखायचं, मळमळायचं, चक्कर यायची, गोष्टी आठवायच्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला पूर्ण विश्रांती द्या. म्हणजे वाचायचं नाही, लिहायचं नाही, काम करायचं नाही, धावायचं नाही, कॉफीसुद्धा प्यायची नाही. आणि हो, व्हिडिओ गेमही खेळायचे नाहीत.

तुम्हाला शाळेला सुट्टी मिळाली आणि वर सांगितलं, की नुसतं अंधाऱ्या खोलीत पडून राहा, तर पहिला दिवस बरा जाईल. दुसऱ्या दिवशी कंटाळा येईल. पण विसावा, तिसावा दिवस उजाडला की काय होईल? जेनबाईंचं मन खचत गेलं. आपण आता कधी बऱ्या होणारच नाही, जगणंच नको, असले काळे विचार त्यांच्या डोक्यात येऊ लागले. मेंदूला मार बसल्यावर असं होऊ शकतं, तो त्या दुखापतीचाच भाग असतो. पण हे ठाऊक असलं म्हणून काही विचार यायचे थांबत नाहीत.

डोकं आपटल्याला 34 दिवस झाले, तेव्हा त्यांनी ठरवलं की आपल्याला जे येतं तेच करायचं. बरं होण्याचाच खेळ करायचा! तेव्हा अमेरिकेत बफी नावाच्या मुलीची एक दूरदर्शन मालिका लोकांना चांगली ठाऊक होती. ही बफी रक्तपिपासू पिशाच्चांना लोळवायची. तिच्यावरून जेनबाईंनी स्वतःला पदवी घेतली: ‘कन्कशन-संहारक जेन’! पांघरुणात पडलेल्या, चक्कर येणाऱ्या बाई, आणि पदवी बघा केवढी.

मग त्यांनी बहिणीला फोन केला. केली नावाची त्यांची जुळी बहीण आहे. ‘मला मदत कर’ असं त्या म्हणाल्या नाहीत. मी मेंदू बरा करण्याचा एक खेळ खेळतेय, त्यात भिडू होतेस का, असं त्यांनी विचारलं. या दोन वाक्यांत फार फरक आहे बरं का. मदत मागताना आपल्याला लाज वाटते, आपण कुणाला तरी त्रास देतोय असं वाटतं. ‘चल, खेळायला येतेस?’ असं तर आपण दिवसातून दहादा विचारतो!

दुसरा भिडू झाले त्यांचे यजमान. दोघांनी मिळून शत्रूंची यादी केली. या आजारात जे जे काही त्रास वाढवतं, ते ते शत्रू, जसं की भगभगीत उजेड आणि माणसांची गर्दी. मग शक्ती वाढवणाऱ्या गोष्टींची दुसरी यादी केली. व्हिडिओ गेममध्ये धावता धावता फळ किंवा तारा मिळाला की आपल्या खेळाडूची ताकद वाढते ना, तशा या गोष्टी. त्या अगदी साध्या होत्या. आपल्या कुत्र्याला पाच मिनिटं कुशीत घेऊन बसणं, घराभोवतीच्या रस्त्यावरून एक फेरी मारणं, इतकंच. अगदी अंथरुणातून उठता आलं तरी ती कमाई.

काय झालं असेल? डोकेदुखी पळून गेली? मुळीच नाही. ती पुढे वर्षाहून जास्त काळ टिकली. पण मनावरचं ते मळभ थोड्याच दिवसांत विरायला लागलं. डोकं दुखतच होतं, पण त्याच्यापुढे आपण अगदीच हतबल आहोत असं आता वाटत नव्हतं. मला या हकिगतीतला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खेळाने दुखणं बरं केलं नाही. दुखणं असताना दिवस कसा काढायचा, याची वाट काढून दिली.

पुढे जेनबाईंनी या खेळाचे नियम लिहून काढले, तेव्हा कितीतरी आजारी आणि उदास माणसांनी आपापली पदवी घेऊन तो खेळायला सुरुवात केली. ‘सुपरबेटर’ या नावाने तो 2012 साली संगणकावर आणि फोनवर आला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी उदासीचा त्रास असलेल्या 283 प्रौढांवर त्याची चाचणी घेतली आणि 2015 साली निष्कर्ष छापले. महिनाभर हा खेळ खेळणाऱ्यांची उदासी, नुसती वाट पाहणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली होती. मात्र मध्येच खेळ सोडून जाणारेही पुष्कळ होते, हेही सांगायला हवं. नव्याचे नऊ दिवस तिकडेही असतातच!

आता गंमत बघा. जेनबाईंना जे विचार करून शोधावं लागलं, त्यातलं बरंचसं आपल्या गल्लीतल्या खेळांत आधीपासूनच आहे. धावून धावून धाप लागली, चपलेचा अंगठा तुटला, की आपण काय करतो? तोंडापुढे मूठ धरून ‘टॅम्प्लीज!’ म्हणतो. ज्याच्यावर राज्य असतं तोसुद्धा थांबतो. टॅम्प्लीज घेतलेल्याला कुणी आउट करत नाही, कुणी भित्रा म्हणत नाही. धाकट्या भावंडाला खेळात घ्यावंच लागलं, तर तो असतो ‘कच्चा लिंबू’. तो खेळतो, धावतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. आणि विषामृत? विष मिळालं की जागच्या जागी पुतळा व्हायचं. आपल्याला स्वतःहून सुटता येत नाही. कुणीतरी भिडू धावत येऊन ‘अमृत’ म्हणून हात लावतो, तेव्हाच आपण पुन्हा पळायला मोकळे.

थकलो तर थांबायचं, लहानग्याला सांभाळून घ्यायचं, अडकलेल्याला जाऊन सोडवायचं. मैदानावर हे सगळं आपल्याला न शिकवता येतं. पण घरी-दारी, अभ्यासात, काळजीत असताना आपण स्वतःला कधी टॅम्प्लीज देतो का?

म्हणून तुम्हीही असा एक खेळ करून बघा. त्याला मोबाइल लागत नाही, शंभरपानी वही पुरते. आधी आपल्याला छळणाऱ्या गोष्टीला एक नाव द्यायचं. नाव गमतीदार हवं. माझ्या चौथीच्या वर्गातल्या मुलांनी काय काय नावं काढली म्हणून सांगू! एकीचा होता ‘पोटातला गोळाराम’, तो गणिताच्या तासाला यायचा. एकाची ‘रात्रीची किर्र्र’, ती दिवे मालवले की यायची. नाव दिलं की एक गोष्ट होते. ‘मी भित्रा आहे’ असं म्हणण्याऐवजी ‘आज किर्र्र आली होती’ असं म्हणता येतं. भीती म्हणजे आपण नव्हे. ती आपल्याकडे येणारी एक आगंतुक पाहुणी.

वर्गात एक मुलगा होता. वाचायला उभा राहिला की त्याचा आवाजच फुटायचा नाही. घरी घडाघडा वाचायचा, वर्गात मात्र ओठ नुसते हलायचे. त्याने आपल्या शत्रूचं नाव ठेवलं ‘घशातला बेडूक’. शक्ती वाढवायला दोन गोष्टी ठरल्या: आधी घोटभर पाणी प्यायचं आणि वाचताना ओळीखाली बोट धरायचं. शेजारी बसणारी मुलगी भिडू झाली. तो अडखळला की बाकावर हळूच टकटक करायची, म्हणजे ‘मी आहे, चालू दे’. मग कामगिऱ्या. पहिली, मधल्या सुट्टीत एकट्या भिडूला दोन ओळी वाचून दाखवायच्या. ते जमल्यावर तिघांना. त्यानंतर त्याला पहिलीच्या वर्गात पाठवलं, तिथल्या चिल्ल्यापिल्ल्यांना गोष्ट वाचून दाखवायला. तिथे तर बेडूक फिरकलाच नाही! आपल्या वर्गात उभं राहून तो एक परिच्छेद वाचू लागला, त्याला दिवाळीची सुट्टी उलटून गेली होती. बेडूक अजूनही येतो म्हणतो. पाणी प्यायलं की बसतो गप्प.

कामगिरी ठरवताना लक्षात ठेवा, ती आपल्या हातातली हवी. ‘पहिला नंबर काढीन’ ही कामगिरी होत नाही, कारण नंबर दुसऱ्यांच्या मार्कांवरही ठरतो. ‘रोज संध्याकाळी वीस मिनिटं गणित घेऊन बसेन’ ही कामगिरी होते. आणि ती इतकी लहान हवी, की ज्या दिवशी काहीच करावंसं वाटत नाही त्या दिवशीही जमेल. दात घासून, तोंड धुऊन, गॅलरीत पाच मिनिटं उभं राहणं, हीसुद्धा कामगिरीच. एखादा दिवस नाहीच जमलं तर टॅम्प्लीज! गुण कापायचे नाहीत. मोबाइलवरच्या कितीतरी खेळांत आणि ॲपमध्ये सलग दिवस मोजतात, आणि एक दिवस चुकला की सगळं पुन्हा शून्यावर. 99 वरच्या सापाने गिळावं तसं. साप-शिडीत त्याची मजा वाटते. जो आधीच खचलेला आहे, त्याच्याशी असं वागणं मला तरी दुष्टपणाचं वाटतं.

आणखी एक नियम मात्र कडक पाळायचा. शत्रूच्या यादीत कुणा माणसाचं नाव लिहायचं नाही. कुणी आपल्याला मारत असेल, रोज चिडवत असेल, नकोसा स्पर्श करत असेल, तर ती खेळातली भानगड नव्हे. ते आई-बाबांना, बाईंना, ज्यांच्यावर विश्वास आहे अशा मोठ्या माणसाला सरळ सांगायचं. सांगूनही त्यांनी लक्ष दिलं नाही, तर दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगायचं. अशा गोष्टी एकट्याने ‘जिंकायच्या’ नसतात.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या डॉ. सॅली मेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर खास मुलांसाठी असा एक संगणकावरचा खेळ केला. त्याचं नाव ‘स्पार्क्स’. त्यात एका काल्पनिक जगातल्या सात प्रदेशांतून आपल्या खेळाडूला जावं लागतं. वाटेत चिलटांसारखे किडे येतात आणि कानाशी येऊन ‘तुला काही जमणार नाही’ अशा थाटाचं काहीबाही बोलतात. हे किडे म्हणजे आपल्या मनात आपोआप येणारे निराश विचार. त्यांना ओळखायचं आणि उडवून लावायचं. शिवाय श्वास संथ कसा करायचा, अडचणीचे तुकडे कसे पाडायचे, हेही खेळता खेळता शिकायला मिळतं. उदासीसाठी मदत घ्यायला आलेल्या 12 ते 19 वर्षांच्या 187 मुलामुलींमध्ये या खेळाची चाचणी झाली. काहींना नेहमीसारखं समुपदेशन मिळालं, काहींना हा खेळ. 2012 साली निकाल प्रसिद्ध झाला: खेळणारी मुलं सुधारणेत मागे पडली नव्हती. मला ती चिलटांची कल्पना फार आवडली. चिलटं काही चावत नाहीत, पण डोळ्यांपुढे अशी घोंघावतात, की पलीकडचं दिसेनासं होतं. नाही का?

आता थोडं आई-बाबांसाठी. (मुलांनो, तुम्हीही वाचलंत तरी चालेल.) हे वाचून उद्याच भिंतीवर तक्ता लावाल: दात घासले, एक चांदणी, रडला नाही, दोन चांदण्या, दहा चांदण्यांना आइस्क्रीम. थांबा! 1973 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. स्केचपेनने चित्रं काढायची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणीचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता चित्र झाल्यावर अचानक ते दिलं. काहींना दिलंच नाही. थोड्या दिवसांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले, या वेळी बक्षीस वगैरे काही नाही. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं, ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. आवडीचा खेळ त्यांच्यासाठी बक्षिसाचं काम होऊन बसला होता.

म्हणून नियम तुम्ही करू नका, मुलांना करू द्या. शत्रूचं नाव त्यांनी ठेवायचं, कामगिरी त्यांनी ठरवायची, गुण त्यांनी मोजायचे, वहीसुद्धा त्यांची. दाखवली तर बघा, नाही दाखवली तर मागू नका. ‘रडला नाही’ याला तर कधीच गुण देऊ नका. रडणं हा काही फाउल नाही. आणि शेजारच्या मुलाच्या चांदण्या मोजायच्या नाहीत! तुमचं काम भिडूचं. भिडू विचारतो, ‘आज गोळाराम आला होता का रे?’ आणि उत्तर येईपर्यंत हातातला फोन बाजूला ठेवतो. जमल्यास आपल्याही शत्रूचं नाव मुलांना सांगा. बाबांच्या ऑफिसातही एखादा गोळाराम असतो हे कळलं, की मुलांना केवढा धीर येतो!

पण वहीतला खेळ नेहमीच पुरत नाही. जेनबाईंनीही डॉक्टर सोडले नव्हते. पाय मोडला तर आपण लंगडी घालत बसत नाही, प्लॅस्टर घालून घेतो. तसंच मनाचं. दोन-दोन आठवडे मन उदासच आहे, झोप लागत नाही, जेवण जात नाही, आवडीच्या खेळातही जीव रमत नाही, असं झालं तर डॉक्टरांकडे जायचं. आपण कुणालाच नको आहोत, जगूच नये, असा विचार एकदा जरी आला तरी त्याच दिवशी, त्याच तासाला घरातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. मित्राने किंवा मैत्रिणीने असं काही सांगून ‘शपथ घाल, कुणाला सांगणार नाहीस’ म्हटलं, तर ती शपथ मोडायची. त्याला विष मिळालेलं आहे, हात लावून सोडवायला भिडू हवाय. तो भिडू तुम्ही आहात, आणि तुमच्या मागे एक मोठं माणूस हवं.

ओळखीच्या माणसाशी बोलवत नसेल तर फोन करता येतो. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक 14416. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसा-रात्री केव्हाही करता येतो आणि मराठीतून बोलता येतं. अडचणीतल्या मुलामुलींसाठी दुसरा क्रमांक आहे 1098, तोही मोफत आणि चोवीस तास. दोन्ही क्रमांक आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, शत्रूच्या नावाच्याही वर.